मुंबईतील स्टोनमॅन हत्याकांड

मुंबईतील स्टोनमॅन हत्याकांड म्हणजे १९८५ ते १९८८ या काळात शीव, माटुंगा व किंग्ज सर्कल या परिसरात घडलेली खुनांची मालिका होय. तीत उघड्यावर झोपलेल्या किमान १२ बेघर व्यक्तींची डोकी जड दगडाने ठेचून हत्या करण्यात आली. खुनी कोण, तो एकच होता की अनेक, या प्रश्नांची उत्तरे मिळालेली नाहीत. ‘स्टोनमॅन’ हे नाव १९८९ मध्ये कलकत्त्यातील (आताचे कोलकाता) वृत्तपत्रांनी तेथील अशाच खुनांच्या संदर्भात रूढ केले. पुढे ते मुंबईतील प्रकरणालाही लागू झाले.

पार्श्वभूमी

मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. काही कुटुंबे पदपथालगत झोपडे उभारून वर्षानुवर्षे राहतात. त्यांना शेजार असतो. याउलट कचरावेचक, भिकारी, हमाल यांपैकी अनेक जण एकटेच, मिळेल त्या जागी अंथरूण टाकतात. या मालिकेतील बळी प्रामुख्याने दुसऱ्या वर्गातील होते.

मालिकेचा आरंभ झाला त्याच वर्षी, १० जुलै १९८५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे त्यात मान्य झाले. मात्र पूर्वसूचना देऊन पदपथावरील वस्ती हटविण्यास न्यायालयाने मुभा दिली. ‘स्पार्क’ या संस्थेने त्याच वर्षी पदपथवासीयांच्या सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. तिचे शीर्षक ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाचे होते.

खुनांची पद्धत

खुनी एकट्या झोपलेल्या व्यक्तीची निवड करी व निर्जन जागी, रात्रीच्या अंधारात तिच्या डोक्यावर मोठा दगड टाकी. काही दगडांचे वजन ३० किलोपर्यंत असल्याचे सांगितले जाते. चोरी हा हेतू संभवत नव्हता, कारण बळींजवळ चोरण्याजोगे काही नसे.

तपास

सुमारे सहा खून झाल्यानंतर ही एक मालिका असावी, हे शीव पोलिसांच्या लक्षात आले. या विलंबाचे प्रमुख कारण बळींच्या परिस्थितीतच होते. बहुतेकांची ओळख पटविणारे कोणी नातलग वा परिचित पुढे आले नाहीत. खुनाच्या तपासात मृताचे नाव, त्याचे व्यवहार व वैर यांवरून धागा शोधला जातो. येथे पहिली पायरीच उपलब्ध नव्हती. हत्यारही घटनास्थळाजवळ सहज सापडणारे होते.

एका हल्ल्यातून हॉटेलात काम करणारा एक बेघर वेटर बचावला. तथापि, जागा अंधारी असल्याने त्याला हल्लेखोराचा चेहरा दिसला नव्हता. १९८८ च्या मध्यानंतर खून अचानक थांबले.

रामन राघव प्रकरणाशी तुलना

मुंबईच्या उपनगरांत झोपडीवासी व पदपथवासी यांचे खून १९६० च्या दशकातही झाले होते. त्या प्रकरणी रामन राघव यास ऑगस्ट १९६८ मध्ये अटक झाली. तो पूर्वीही पोलिसांच्या ताब्यात येऊन गेला होता व त्याचे वर्णन उपलब्ध होते. त्यावरून उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्यास ओळखले. मानसिक आजारामुळे त्याची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली व १९९५ मध्ये पुण्यात त्याचा मृत्यू झाला. स्टोनमॅन प्रकरणात असे वर्णन कधीच हाती आले नाही.

कलकत्त्यातील खून

जून १९८९ पासून सुमारे सहा महिन्यांत कलकत्त्यात याच पद्धतीने १३ पदपथवासीयांचे खून झाले. संशयितांची धरपकड झाली, परंतु पुराव्याअभावी त्यांना सोडावे लागले. दोन्ही शहरांतील खुनी एकच असल्याचे सिद्ध झालेले नाही.

व्हाइटचॅपलशी तुलना

या प्रकरणाची तुलना लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत १८८८ मध्ये झालेल्या खुनांशी केली जाते. ‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखला जाणारा तो खुनीही सापडला नाही. तेथील मेरी अ‍ॅन निकोल्स व अ‍ॅनी चॅपमन या दोघींजवळ त्या रात्री निवाऱ्याच्या खाटेचे पैसे नव्हते, म्हणून त्या रस्त्यावर होत्या. दोन्ही शहरांत डोक्यावर छप्पर नसणे हेच मृत्यूचे निमित्त ठरले. मात्र लंडनमध्ये मृत्यूच्या जाहीर चौकशीत परिचितांच्या साक्षी झाल्या. त्यामुळे त्या स्त्रियांची नावे व जीवनकथा इतिहासात नोंदली गेली. मुंबईतील बहुतेक बळींच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

चित्रपट

या घटनांवर आधारित ‘द स्टोनमॅन मर्डर्स’ हा मनीष गुप्ता दिग्दर्शित हिंदी चित्रपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात के के मेनन यांची प्रमुख भूमिका आहे. चित्रपटात दाखविलेला खुन्याचा शोध काल्पनिक आहे.