घोड्याचे दात आणि वस्तीवरची शाळा

"दहा-बारा पोरांसाठी दोन गुरुजी परवडतात का?" हा प्रश्न हल्ली जेऊरच्या पारावरही ऐकू येतो. 2023 मध्ये शासनाने 20 पर्यंत पट असलेल्या शाळांसाठी 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवले, तेव्हापासून तर जास्तच. पण हा हिशोब जुना आहे. थोडा इतिहास बघू.

1854 साली इंग्लंडात चार्ल्स डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही कादंबरी आली. तेव्हा तिकडे उपयुक्ततावादाचा जोर होता. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात, ते योग्य. विचार वाईट नव्हता. पण पुढे जे मोजता येतं तेवढंच खरं, असं होऊन बसलं. डिकन्सने नेमकं तिथे बोट ठेवलं. त्याच्या कादंबरीतल्या शाळेत सर्कशीच्या घोड्यांत वाढलेल्या सिसीला घोड्याची व्याख्या सांगता येत नाही. बिट्झर मात्र घोड्याच्या दातांच्या संख्येसकट सगळं घडाघडा म्हणतो. शाबासकी त्याला!

पुढे शाळेचे कर्तेधर्ते ग्रॅडग्राइंड यांचा मुलगा चोरी करून पळताना याच बिट्झरच्या हाती लागतो. बाप गयावया करतो. बिट्झर सांगतो, शाळेची फी दिली होती, व्यवहार तिथेच मिटला. पोरगा शिकवलेलं अगदी बरोबर शिकला होता!

त्याच 1854 च्या जुलैत लंडनहून वूडचा खलिता आला आणि आपल्याकडे सरकारी शिक्षणाची घडी बसू लागली. पुढे परीक्षेच्या निकालावर शाळेचं अनुदान ठरवायची पद्धत इंग्लंडातून मुंबई इलाख्यातही आली. जितकी पोरं पास, तितका पैसा.

याला उत्तर दिलं आपल्या जोतीराव फुल्यांनी. 19 ऑक्टोबर 1882 च्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी मांडलं, की ही निकालाची पद्धत खालच्या वर्गांना लागू पडणार नाही. त्यांच्यात शिकवून मास्तराचं पोटच भरणार नाही, मग तिथे जाईल कोण? म्हणून सरकारनेच शाळा चालवाव्यात.

आणि बरं का, फुले 'उपयोगा'च्या विरोधात नव्हते. मोडी, बाळबोध, हिशोब, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आरोग्य, नीती हे सगळं त्यांना शाळेत हवं होतं. त्यांचा प्रश्न होता, उपयोग कुणाचा? पोराचा की सरकारच्या वहीचा?

मला वाटतं, आपण आज तिथेच उभे आहोत. उजनीच्या पाण्यावर ऊस आला, उसामागे तोडणीच्या टोळ्या आल्या. कोपीवरचं पोरगं बैल नुसता चालताना बघून सांगतं, कुठला पाय दुखतोय. पण चाचणीत त्याला मार्क शून्य, कारण हंगामात त्याची शाळा बुडालेली. आपली सिसी तीच. दुसरीकडे पोटाला चिमटा काढून पोरं लातूर-पुण्याच्या क्लासला धाडणारे आईबाप आहेत. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. नोकरी लागतेच. पण शाळेने फक्त मार्क मोजले, तर बिट्झरच तयार होणार, आणि म्हातारपणी आपण त्याच्या दारात उभे असणार.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा पोराच्या घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी. ही मेहरबानी नाही, हक्क आहे. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत पटाचा आकडा निघाला, की एवढंच विचारा: शाळा लांब गेली, तर पहिल्यांदा कुणाची पोरगी घरी बसेल?