ओल्या माऱ्याने गंज उतरतो. पण वाळू नको

खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहत ही प्रामुख्याने रसायन कारखान्यांची. अशा कारखान्यांतील पंप, व्हॉल्व्ह, फ्लँज आणि टाक्यांची झाकणे यांना आतून रसायने खातात, तर बाहेरून कोकणची हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उरलेले बरेच महिने दमटपणा. दापोली-गुहागरच्या किनाऱ्याकडे त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. रंग दिलेल्या लोखंडावर एक-दोन पावसाळ्यांतच तांबूस पोपडे धरतात आणि दोष रंगाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात रंगाखालचा धातू स्वच्छ झालेला नसतो.

तारेच्या ब्रशने सुटा गंज निघतो. खळग्यांतला तसाच राहतो. म्हणून दाबाच्या हवेने कठीण कणांचा मारा करण्याची, म्हणजेच ब्लास्टिंगची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील बेंजामिन च्यू टिल्घमन यांनी १८७० मध्ये तिचे पेटंट घेतले. त्या काळी कण म्हणजे वाळू, म्हणून नाव पडले सँडब्लास्टिंग. साधन बदलले तरी हे नाव अजून सुटलेले नाही.

घातक ठरली ती ही वाळूच. तिच्यातील स्फटिकरूप सिलिका आघाताने फुटते आणि काही मायक्रॉन आकाराची धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचते. तेथे व्रण होऊन श्वास आखडत जातो. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारा उपचार नाही आणि त्याच्या रुग्णाला क्षयाचा धोकाही वाढतो. दगडखाणीत हा रोग दिसायला बहुधा दहा-वीस वर्षे लागतात. बंदिस्त जागेत वाळूचा मारा करणाऱ्याला काही वेळा दोन-तीन वर्षेही पुरतात. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी धातूच्या वस्तूंवर सिलिकायुक्त वाळूच्या माऱ्यास बंदी केली. जीन्सच्या कापडाला जुनाट छटा देण्यासाठी हाच मारा वापरला जाई. कामगार दगावू लागल्यावर तुर्कस्तानने २००९ मध्ये तो बंद केला. आपल्याकडे कारखाने अधिनियम, १९४८ ने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला होता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे.

वेट ब्लास्टिंगमध्ये कण आणि पाणी यांचे मिश्रण पंपाने नोझलपर्यंत आणले जाते आणि तेथे कॉम्प्रेसरची हवा त्याला वेग देते. लहान भागांसाठी काच लावलेली बंद पेटी असते. कारागीर बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालून भाग फिरवतो. पाणी खालच्या हौदातून पुन्हा वर येते. मोठ्या सांगाड्यांवर मोकळ्या जागेत काम होते. पाण्यामुळे प्रत्येक कणाभोवती पातळ गादी तयार होते, त्यामुळे आघात सौम्य होतो आणि कण धातूत रुतून बसत नाहीत. मोटारसायकलच्या इंजिनाचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग बारीक काचमण्यांच्या ओल्या माऱ्याने मऊ, एकसारख्या झळाळीचे होतात ते यामुळेच. मात्र तेलवाहिन्यांत एखादा मणी अडकून राहिला, तर दुरुस्त केलेले इंजिनच पुन्हा बिघडते. त्या धुऊन, हवेने फुंकून तपासाव्याच लागतात.

कोकणासाठी या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे ती क्षार धुऊन काढते. कोरड्या माऱ्याने लोखंड पांढरे दिसले तरी खळग्यांच्या तळाशी क्लोराइड राहू शकते. ते ओलावा ओढून घेते आणि रंगाखाली गंज पुन्हा सुरू होतो. ओल्या माऱ्यात गोडे पाणी त्या खळग्यांपर्यंत जाते. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर मात्र सारी मेहनत उलटी फिरते. क्षार उरले का, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी ब्रेसल पॅच नावाची पट्टी पृष्ठभागावर चिकटवून तिच्यात शुद्ध पाणी सोडतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात.

पाण्याने धूळ बरीचशी बसते, पूर्ण नाही. उडालेले तुषार वाळले की त्यातील बारीक कण पुन्हा हवेत येतात. म्हणून ‘पाणी आहे, मग वाळू चालेल’ हा समज धोक्याचा आहे. गार्नेट, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, काचमणी हे पर्याय महाग वाटतात. पण ते पुन्हा पुन्हा वापरता येतात, हा हिशेब सहसा मांडला जात नाही. उघड्यावरच्या कामात श्वसनसंरक्षण ओल्या पद्धतीतही लागतेच.

दुसरी अडचण म्हणजे ओले लोखंड पाहता पाहता तांबूस होते. पावसाळी हवेत त्यास काही मिनिटेही पुरतात. भाग लगेच गरम हवेने सुकवावा लागतो, किंवा पाण्यात गंजरोधक मिसळावे लागते. ते रसायन वरच्या रंगाला चालते का, हे रंग उत्पादकाला आधीच विचारलेले बरे.

उरतो तो हौदातला गाळ. त्यात झिजलेले कण, गंज आणि जुना रंग असतो. जुन्या रंगात शिसे किंवा क्रोमियमही असू शकते. रसायन कारखान्यातून आलेला पंप असेल, तर त्यातील अवशेषही त्यातच उतरतात, म्हणून असा भाग आधी निर्धोक करून घ्यावा लागतो. खेडची जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीत उतरते. त्या खाडीतील मासे मरण्याच्या तक्रारी मच्छीमारांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. तेव्हा गाळ गटारात न सोडता निवळून वेगळा साठवावा लागतो. तो घातक निघाला, तर अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा लागतो आणि त्याचा खर्च कामाच्या दरातच धरायला हवा.