मूळ हेतूचा वाद : मुंबईचे विल्सन कॉलेज आणि स्कॉटिश मिशनचे उच्च शिक्षण

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनांनी भारतात जी महाविद्यालये काढली, ती आपला मूळ हेतू विसरली आहेत असा आक्षेप त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेला, आणि तो घेण्यात बाहेरच्या टीकाकारांपेक्षा मिशनचीच माणसे, म्हणजे वर्गणी देणाऱ्या स्कॉटलंडमधील मंडळ्या, खेड्यापाड्यांत काम करणारे मिशनरी आणि भारतीय ख्रिस्ती पुढारी, अधिक पुढे होती. हा आक्षेप साधारणपणे ऱ्हासाच्या कथेसारखा सांगितला जातो : आरंभी निष्ठा होती, पुढे ती पातळ होत गेली आणि अखेरीस फक्त नाव उरले. मुंबईच्या विल्सन कॉलेजचा आणि त्याच्या भावंड संस्थांचा इतिहास बारकाईने पाहिला तर मात्र असे दिसते की हा ताण पायाभरणीतच होता, कारण ज्या दोन आधारांवर ही महाविद्यालये उभी राहिली, ते दोन्ही आधार त्यांना वेगवेगळ्या दिशांना ओढत होते.

या प्रकारच्या शिक्षणाची पहिली मांडणी अलेक्झांडर डफ यांनी केली. चर्च ऑफ स्कॉटलंडने पाठवलेले हे तरुण मिशनरी १८३० मध्ये कलकत्त्यास पोहोचले आणि त्याच वर्षी राममोहन रॉय यांच्या मदतीने त्यांनी इंग्रजी शाळा उघडली. इंग्रजी भाषा, पाश्चात्त्य विज्ञान आणि पवित्र शास्त्र हे तिन्ही एकाच अभ्यासक्रमात एकमेकांत गुंफून शिकवावेत, म्हणजे उच्चवर्णीय तरुणांच्या मनातील जुन्या श्रद्धांच्या तटबंदीखाली आपोआप सुरुंग लागेल, अशी डफ यांची धारणा होती. तिला जोडूनच त्या काळातील आणखी एक गृहीतक येत होते, ज्याला शिक्षणाच्या इतिहासात ‘पाझर सिद्धांत’ म्हणतात : वरच्या थरातील थोड्यांना शिकवले की ज्ञान आणि धर्म तेथून खालच्या थरांत झिरपत जातील. धर्मांतर हा हेतू आणि इंग्रजी शिक्षण हे साधन, असा हा सरळ हिशेब होता.

मुंबईत जॉन विल्सन यांनी हाच हिशेब काहीसा निराळ्या रीतीने मांडला. स्कॉटलंडमधील लॉडर या गावी १८०४ मध्ये जन्मलेले विल्सन १८२९ मध्ये पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत उतरले. मार्गारेट यांनी त्याच वर्षापासून मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि १८३२ मध्ये गिरगावातील आंब्रोली येथे विल्सन यांची इंग्रजी शाळा निघाली, जी विल्सन कॉलेजचे मूळ मानली जाते. डफ यांच्यापेक्षा विल्सन यांचा देशी भाषांवर अधिक भर होता. त्यांनी स्वतः मराठी आत्मसात केली, १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांच्याशी जाहीर वादविवाद केला, हिंदू आणि पारशी धर्मग्रंथांचा अभ्यास करून त्यांच्यावर खंडनपर ग्रंथ लिहिले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपदही भूषविले. प्रतिपक्षाचे शास्त्र त्याच्याच भाषेत वाचल्याशिवाय त्याच्याशी बोलू नये, ही शिस्त संस्थेला तिच्या संस्थापकाकडून मिळाली, आणि तिचे फळ पुढे त्यांना अपेक्षित नसलेल्या रूपात आले.

संस्थापकांचा हेतू पहिल्या पिढीत किती उघड होता आणि त्याची किंमत किती मोजावी लागली, हे दोन प्रसंगांवरून कळते. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण मुंबईच्या तत्कालीन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पारशी समाजाने आपली मुले शाळेतून काढून घेतली आणि वर्ग ओस पडले. १८४३ मध्ये विल्सन रजेवर असताना, त्यांचे सहकारी रॉबर्ट नेस्बिट यांच्या काळात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा बारा वर्षांच्या सुमाराचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि मुलाचा ताबा त्यांना मिळाला. पण श्रीपतने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले असल्याने त्याला जातीत परत घ्यावे की नाही हा प्रश्न उरला. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला घ्यावे अशी बाजू लावून धरली आणि तिच्यावरून मुंबईच्या ब्राह्मणवर्गात उभी फूट पडली. एका शाळकरी मुलाच्या जेवणावरून अख्खे शहर ढवळून निघाले, याचा अर्थ संस्था त्या वेळी आपल्या हेतूशी पूर्णपणे प्रामाणिक होती. आणि याचाच दुसरा अर्थ असा की तेवढ्या प्रामाणिकपणावर मोठे विद्यालय चालवणे अशक्य होते, कारण प्रत्येक बाप्तिस्म्यानंतर बाके रिकामी होत होती.

त्याच १८४३ साली स्कॉटलंडमध्ये चर्चच्या कारभारात सरकार आणि जमीनदार यांनी किती हस्तक्षेप करावा या प्रश्नावर चर्च ऑफ स्कॉटलंड दुभंगले आणि साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडून त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केले. भारतातील त्या चर्चच्या सर्व मिशनऱ्यांनी, डफ आणि विल्सन यांच्यासह, नव्या चर्चची बाजू घेतली, आणि इमारती मात्र जुन्या चर्चकडे राहिल्या. कलकत्त्यात डफ यांना ग्रंथालय आणि विज्ञानाची उपकरणेही सोडून द्यावी लागली. तत्त्वासाठी छप्पर सोडण्याची ही घटना पुढच्या पिढ्यांनी वारंवार आठवली, आणि ‘आजची महाविद्यालये तसे करतील काय?’ हा प्रश्न तिच्यातूनच येत राहिला.

खरे वळण १८५४ मध्ये आले, आणि ते बाहेरून लादलेले नव्हते. चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैक्षणिक खलित्याने खासगी संस्थांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण जाहीर केले, आणि या धोरणाच्या घडणीत खुद्द डफ यांचा हात होता. अनुदान लौकिक शिक्षणासाठी असेल आणि शाळेत कोणता धर्म शिकवला जातो याची दखल सरकारी निरीक्षक घेणार नाही, अशी ही धार्मिक तटस्थतेची योजना होती. मिशनच्या दृष्टीने ती वरदानासारखी वाटली, कारण सरकारी पैशात गणित आणि मिशनच्या पैशात शुभवर्तमान असा दुहेरी संसार चालवता येणार होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८६१ मध्ये विल्सन यांच्या संस्थेचा महाविद्यालयीन विभाग त्याला संलग्न झाला, आणि १८६८ मध्ये विल्सन स्वतः विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्थेला यापेक्षा मोठा मान मिळणे शक्य नव्हते. पण आरंभीचे विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे होते, आणि विद्यार्थी काय वाचतील, किती वाचतील, कशासाठी वाचतील हे परीक्षा ठरवत असे. दिवसाच्या वेळापत्रकात पवित्र शास्त्राचा तास होता, परंतु प्रश्नपत्रिकेत त्याला जागा नव्हती. आणि ज्या विषयाचा प्रश्न येत नाही त्या विषयाकडे विद्यार्थी कसा पाहतो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही. अभ्यासक्रमात धर्म आणि विज्ञान गुंफण्याची डफ यांची कल्पना येथे उसवली.

याच सुमारास, याच मराठी मुलुखात, दुसऱ्या एका मिशनने अगदी उलट निर्णय घेतला. अमेरिकन मराठी मिशनच्या पालक मंडळाचे चिटणीस रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये पाहणीसाठी भारतात आले, आणि इंग्रजी शिक्षणाने नोकरदार तयार होतात, मंडळ्या उभ्या राहत नाहीत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या दौऱ्यानंतर त्या मंडळाच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली, जाफन्याची नामांकित बाट्टिकोटा सेमिनरी बंद झाली आणि अहमदनगर भागात मराठीतून शिकवणाऱ्या गावशाळा आणि गावमंडळ्या यांच्यावर भर दिला गेला. पुढे ख्रिस्ती समाज संख्येने वाढला तो मुख्यतः याच खेड्यांतून, महार आणि मांग कुटुंबांतून. पाझर सिद्धांताला यापेक्षा स्पष्ट उत्तर मिळाले नसते : ज्या उच्चवर्णीयांसाठी महाविद्यालये काढली ते पदवी घेऊन निघून गेले, आणि ज्यांच्यापर्यंत पाणी झिरपेल असे म्हटले जात होते त्यांनी स्वतःच विहिरीकडे वाट काढली.

अशा परिस्थितीत महाविद्यालयांच्या अस्तित्वाचे नवे समर्थन मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर यांनी दिले. १८६२ मध्ये भारतात आलेल्या मिलर यांनी मद्रासच्या फ्री चर्च संस्थेचे रूपांतर १८७७ मध्ये अनेक मिशनांच्या सामायिक महाविद्यालयात केले. त्यांच्या मते महाविद्यालयाचे यश बाप्तिस्म्यांच्या संख्येवर मोजणे चूक होते. ख्रिस्ती विचार आणि मूल्ये समाजाच्या सबंध विचारविश्वात पसरवणे, पीठ फुगवणाऱ्या खमिरासारखे आतून काम करणे, हे त्याचे कार्य होते, आणि कापणी पुढच्या कोणत्या तरी पिढीने करायची होती. या मांडणीवर स्कॉटलंडमध्ये कडाडून टीका झाली, कारण जे दिसत नाही त्यासाठी वर्गणी मागणे आणि जे घडत नाही त्याला तत्त्व म्हणणे, असा तिचा अर्थ लावला गेला. तरीही १८९६ मध्ये फ्री चर्चने मिलर यांनाच आपल्या सर्वसाधारण सभेचे प्रमुखपद दिले, यावरून चर्चचे स्वतःचेच मन दुभंगलेले होते हे दिसते.

विसाव्या शतकात प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. पवित्र शास्त्राचा तास सक्तीचा असणे न्याय्य आहे काय, असे हिंदू आणि मुसलमान पालक आणि श्रीनिवास शास्त्री यांच्यासारखे नेते विचारू लागले. अनुदान घेणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षणाच्या तासाला न बसण्याची मुभा विद्यार्थ्याला असावी या तरतुदीला विवेकस्वातंत्र्याचे कलम म्हणत. अनेक मिशनऱ्यांना ते संस्थेच्या मुळावरचा घाव वाटले, तर काहींच्या मते सक्तीने ऐकवलेले शुभवर्तमान हे शुभवर्तमानच नव्हते. मूळ तत्त्वाशी इमान राखणे म्हणजे तास राखणे की श्रोत्याचे स्वातंत्र्य राखणे, हा भेद आता लपवता येत नव्हता.

या सर्व वादांची झाडाझडती १९३०-३१ मध्ये ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने घेतली. लिंडसे यांचे वडील थॉमस मार्टिन लिंडसे हे १८८६ ते १९०० या काळात फ्री चर्चच्या परदेशी मिशन समितीचे निमंत्रक होते आणि त्यांनी सबंध वर्षभर भारतात राहून मिशनचे काम पाहिले होते. म्हणजे बापासमोर आलेला प्रश्न मुलाच्या हाती पुन्हा आला. आयोगाचे निदान कठोर होते : विद्यापीठाच्या परीक्षा आणि सरकारी अटी यांनी महाविद्यालये जखडली आहेत, त्यांच्यात ख्रिस्ती शिक्षक आणि विद्यार्थी अल्पसंख्य झाले आहेत, आणि ज्या खेड्यांतील मंडळ्यांनी त्यांच्याकडे आशेने पाहावे त्यांच्याशी त्यांचा संबंध तुटला आहे. संख्या कमी करून बळ एकवटावे, नेतृत्व भारतीयांकडे द्यावे आणि संशोधन व विस्तारकार्य यांतून, म्हणजे महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर जाऊन शेती, आरोग्य, शिक्षण यांच्या प्रश्नांवर काम करून, ग्रामीण समाजाची सेवा करावी, अशी त्याची दिशा होती. धर्मांतर आणि खमीर यांच्यानंतरचा हा तिसरा अर्थ, सेवा.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने जुन्या वादाची चौकट बदलली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला, आणि अनुच्छेद २८ ने मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कोणाला धर्मशिक्षण घ्यायला लावता येणार नाही असे ठरवले. विवेकस्वातंत्र्याचे कलम अशा रीतीने देशाच्या मूलभूत कायद्यात आले. दरम्यान विल्सन कॉलेजने संस्थापकाला न सुचलेला वारसा निर्माण केला होता. चौपाटीसमोरची त्याची गॉथिक धाटणीची इमारत १८८९ मध्ये उभी राहिली, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तेथे शिकणाऱ्यांत धर्मशास्त्राचा विस्तृत इतिहास पुढे लिहिणारे पांडुरंग वामन काणे होते. विल्सन यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात जी भाषाशास्त्रीय व्याख्यानमाला सुरू झाली, तिच्यात १८७७ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर बोलले. हिंदू शास्त्रांचे खंडन करण्यासाठी आलेल्या माणसाचे नाव हिंदू शास्त्रांच्या चिकित्सक अभ्यासाशी जोडले गेले. याला पराभव म्हणता येईल, पण प्रतिपक्षाचे शास्त्र मुळातून वाचण्याची त्याची शिस्त येथे टिकून राहिली, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून मूळ तत्त्वांपासून ढळण्याची चिंता खोटी ठरवून बाजूला सारता येत नाही. फक्त तिचा रोख बदलावा लागतो. बाप्तिस्मे थांबले म्हणून ही महाविद्यालये ढळली असे म्हणणे अपुरे आहे, कारण तो मार्ग १८३९ आणि १८४३ मध्येच बंद होऊ लागला होता. अनुदान आणि पदवी यांच्या सोयीने कोणाला शिकवायचे हा निर्णय हळूहळू परीक्षेच्या गुणांवर सोपवला गेला, आणि ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या केल्या त्यांच्या मुलांना या इमारतींच्या पायऱ्या सर्वांत उशिरा चढता आल्या, हे ढळणे अधिक गंभीर होते, आणि त्याचा दोष कोणत्याही कायद्यावर टाकता येत नाही. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर येथे महाविद्यालय काढले, तेव्हा ज्या भागात नव्वद वर्षांपूर्वी इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली होती त्याच भागातील खेड्यांच्या दाराशी उच्च शिक्षण आले, आणि या वेळी ते एका मराठी ख्रिस्ती माणसाच्या हातून आले. डफ यांना वरून पाझर हवा होता. नगरच्या या घटनेत विहीर खेड्याजवळच खोदली गेली, आणि ख्रिस्ती महाविद्यालयाच्या इमानाची कसोटी लावायची असेल तर ती तेथूनच लावणे उचित ठरते.