गायरानाचा 'समुदाय' म्हणजे कोण?

कोरडवाहू मुलखातले गवताळ रान मातीत कार्बन साठवते, म्हणून गायराने गावसमुदायाने राखावीत, असे पर्यावरणवादी सांगतात. यातले विज्ञान आम्हाला मान्य आहे. बहुवर्षायू गवताची मुळे मातीत मरतात, कुजतात आणि कार्बन तिथेच राहतो. आळीपाळीने चराई झाली, रानाला विसावा मिळाला, तर साठा हळूहळू वाढतो. नांगर लागला की घटतो. आमचा वाद आहे तो 'समुदाय' या शब्दाशी.

गावगाड्यात गायरान सर्वांचे होते म्हणे! मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की त्यांना कसत्या जमिनीवरून हुसकावतात, काम बंद करतात, वहिवाटीच्या वाटासुद्धा अडवतात, असे त्या समितीने नोंदवले. जिथे वाट सर्वांची नव्हती, तिथे चराऊ रान सर्वांचे कसे असेल?

आणि गुरे तरी कुणाची? मेलेले ढोर ओढायचे आपण, जिवंत ढोर बहुधा पाटलाच्या गोठ्यात. म्हणून आपल्या माणसांना गायरानात कुरण नव्हे, भाकरी दिसली. १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. मराठवाड्यात लोकांनी गायरानातले दगड वेचून ज्वारी-बाजरी पेरली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. ('अतिक्रमण' हा शब्द मात्र आपल्याच वाट्याला!) तरीही कित्येकांचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही.

२०११ च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितले. त्याच निकालात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे. हटवण्याच्या नोटिसा निघतात तेव्हा तो कुणाला आठवत नाही.

नांगराने कार्बन जातो, हे आपणही नाकारू नये. पण शेणखत घालणे, बांधावर गवत राखणे, उताराला आडवी पेरणी करणे ही कामे वर्षानुवर्षे करावी लागतात. उद्या हुसकावला जाणारा माणूस ती कशाच्या भरवशावर करील? उद्या या कार्बनला भाव आला आणि ग्रामपंचायतीत करार झाला, तर तीस वर्षे ती माती कसणाऱ्या बाईची सही त्या कागदावर असेल का?