चांद्याच्या लोहभट्ट्या आणि विटांची मंद गति

चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील जंगलांत लोहारा, पिंपळगांव, देवलगांव अशीं कांहीं गांवें आहेत. लोहाऱ्याचें तर नांवच त्याचा इतिहास सांगतें. या भागांतील डोंगरांत लोहखनिज उघडें पडलेलें असून, तें फोडून त्यापासून लोखंड काढण्याचा धंदा तेथील लोहकार पिढ्यान् पिढ्या करीत आले. पुढें हा जिल्हा चंद्रपूर या नांवानें ओळखला जाऊं लागला, आणि १९८२ सालीं त्याचा पूर्व भाग वेगळा होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु जमिनीच्या पोटांतील लोखंडानें ही सीमा मानली नाहीं. या लोखंडाची कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. ज्या भिंतींच्या आड तें तयार होतें, त्या भिंतींची कथा मात्र क्वचितच कोणी सांगतो.

जुन्या लोहकाराची भट्टी मातीची असे. तींत लाकडी कोळसा आणि बारीक केलेलें खनिज आलटून पालटून घालावयाचें, भात्यानें वारा द्यावयाचा, आणि कांहीं तासांनीं पुढची भिंत फोडून आंतला लोखंडाचा लालभडक गोळा बाहेर ओढावयाचा, अशी ती रीत होती. भट्टींत सुमारे १२०० अंशांची उष्णता निर्माण होई. लोखंड या उष्णतेनें वितळत नसे, पण त्यांतील मळी वितळून वाहून जाई. ही मळी म्हणजे बव्हंशीं लोहाचें ऑक्साइड आणि वाळू यांचा रस. तो भट्टीच्या मातीलाही खात असे. भिंत खचे, आंतल्या बाजूस काचेसारखी होई, आणि लोहकार ती पुन्हां लिंपून घेई. कोणत्या नाल्याची माती आगींत अधिक टिकते, हें त्याला ठाऊक होतें. कां टिकते, हें सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर कधीं आला नाहीं.

१८८२ सालीं रिटर फॉन श्वार्त्झ नांवाच्या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यांतील लोखंडासंबंधींचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याचें खनिज उत्तम असून वरोड्याचा दगडी कोळसा जवळच आहे, असें त्यांत दाखविलें होतें. हा अहवाल जमशेटजी टाटा यांच्या वाचनांत आला. त्या वेळीं ते ४३ वर्षांचे होते. पोलादाच्या कारखान्याच्या कल्पनेनें त्यांच्या मनांत तेव्हां जें घर केलें, तें अखेरपर्यंत. परंतु वरोड्याचा कोळसा तपासणींत उतरला नाहीं. कोळसा जळतो एवढ्यानें झोतभट्टीचें भागत नाहीं. वरच्या खनिजाचा भार सोसून आगींत उभा राहील, असा कोक त्याचा झाला पाहिजे. शिवाय खाणींसंबंधींचे तत्कालीन सरकारी नियमही जाचक होते. १९०४ सालीं अमेरिकन तज्ज्ञ वेल्ड यांनीं लोहाऱ्याचा पुन्हां शोध घेतला, तेव्हां तेथील सांठा मोठ्या कारखान्यास अपुरा ठरला. त्याच वर्षीं जमशेटजी निवर्तले. त्यांच्या कंपनीची स्थापना १९०७ सालीं झाली आणि कारखाना उभा राहिला तो दूर साकची येथें. चांद्याच्या जंगलांत पाहिलेलें स्वप्न दुसऱ्या जंगलांत खरें झालें.

भार सोसून आगींत उभें राहणें, हीच कसोटी कोकाप्रमाणें विटेलाही लागते. दगडी कोळशाच्या थरांलगत पुष्कळदां एक विशेष प्रकारची माती सांपडते. तिच्या विटांस कारखान्यांत फायरब्रिक म्हणतात. अशी वीट मोकळी तापविली, तर १६०० अंशांच्या वरही आपला आकार टिकवून धरते. परंतु तिच्यावर भार ठेवला, तर १३०० ते १४०० अंशांच्या सुमारासच ती दबूं लागते. ती वितळत नाहीं, तडकत नाहीं. दिवसेंदिवस, केंसाकेंसानें खचत जाते. या सावकाश खचण्यास शास्त्रज्ञ विसर्पण म्हणतात.

घन पदार्थ वाहतो, ही गोष्ट प्रथम ऐकतांना विलक्षण वाटते. १८९६ सालीं रॉबर्ट्‌स-ऑस्टेन या इंग्रज धातुशास्त्रज्ञानें घन शिशाच्या कांडीखालीं सोनें ठेवून तें तापविलें, आणि शिसें न वितळतां सोन्याचे अणु त्यांत वर चढल्याचें दाखविलें. १९१० सालीं अँड्रेड यानें ताणलेल्या धातूच्या तारा काळाबरोबर कशा लांबत जातात, याचे मोजमाप प्रसिद्ध केलें. परंतु दाटीनें बसलेल्या अणूंना हलावयास जागा मिळते कोठून? १९२६ सालीं रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यानें याचें उत्तर सुचविलें. कोणताही स्फटिक पूर्ण नसतो. त्यांत कांहीं जागा रिकाम्या असतात. भरलेल्या पंगतींत एक पाट रिकामा असला, कीं शेजारचा मनुष्य सरकून त्यावर बसतो, मग त्याचा पाट रिकामा होतो, आणि माणसें एका दिशेनें व रिकामा पाट दुसऱ्या दिशेनें असा प्रवास सुरू होतो. अणूंचें असें स्थलांतर म्हणजेच विसरण. उष्णता वाढली, कीं रिकाम्या जागाही वाढतात आणि अणूंची चालही झपाट्यानें वाढते.

या स्थलांतराचा आणि खचण्याचा संबंध नबारो यानें १९४८ सालीं व हेरिंग यानें १९५० सालीं जोडून दाखविला. विटेंतील प्रत्येक स्फटिककणाच्या ज्या बाजूंवर दाब असतो, तेथें रिकाम्या जागा कमी होतात. ज्या बाजू मोकळ्या असतात, तेथें त्या तुलनेनें अधिक राहतात. म्हणून अणु दाबाच्या बाजूकडून मोकळ्या बाजूकडे जातात, कण बुटका आणि रुंद होतो, आणि सर्व कण तसे झाले म्हणजे वीट खचते. भार दुप्पट केला, तर या खचण्याचा वेगही दुप्पट होतो.

कोबल या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९६३ सालीं आणखी एक वाट दाखविली. ती समजण्यास पूर्व विदर्भांतील धानाच्या बांध्या पुरेशा आहेत. बांधींतील चिखलांतून चालणें कष्टाचें; तिच्या धुऱ्यावरून चालणें सोपें. कण म्हणजे बांधी, आणि दोन कणांमधील सीमा म्हणजे धुरा. बांध्या जितक्या लहान, तितके धुरे अधिक आणि वाटचाल सोपी. म्हणून बारीक कणांची वीट लवकर खचते. कणाचा आकार दुप्पट केला, तर कणाच्या अंतर्भागांतून होणारें विसर्पण एकचतुर्थांश होतें आणि सीमांवरून होणारें एकअष्टमांश.

ऑक्साइडांत आणखी एक अडचण असते. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम एकटें प्रवास करूं शकत नाहीं. विजेचा समतोल राखण्यासाठीं ऑक्सिजननेंही त्याच प्रमाणांत गेलें पाहिजे. दोन बैलांची गाडी मंद बैलाच्याच चालीनें जाते, तसाच हा प्रकार होय. मात्र मंद बैलालाही एखादी सोपी वाट सांपडली, तर गाडी वेगानें निघते. ऑक्सिजनला पुष्कळदां कणसीमांची अशी वाट मिळते. परकी द्रव्येंही येथें मोठी उलथापालथ करितात. मॅग्नेशियांत अ‍ॅल्युमिना मिसळला, तर अ‍ॅल्युमिनियमचे दोन अणु मॅग्नेशियमच्या तीन अणूंचें काम करितात आणि एक जागा रिकामी राहते. चुना, लोह आणि क्षार यांचा मेळ वाळूशीं झाला, म्हणजे कणसीमांवर वितळलेल्या काचेचा पातळ थर बसतो. धुरा निसरडा झाला, कीं पाय घसरावयाचेच! लोहाऱ्याच्या भट्टीची भिंत लोहाच्या मळीनें मऊ होई, तिचें इंगित हेंच. भार जड असला, तर याखेरीज स्फटिकांतील ओळींचे दोषही सरकूं लागतात. त्यांची कल्पना टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनीं १९३४ सालीं मांडली होती.

हें ज्ञान केवळ पुस्तकी नाहीं. ज्या चांद्याला पोलादाचा कारखाना तेव्हां लाभला नाहीं, त्याच प्रदेशांत आज मोठमोठ्या भट्ट्या धगधगत आहेत. सुरजागडचें खनिज काढलें जातें, आणि घुग्गुस व कोनसरी येथें स्पंज लोखंड तयार होतें. आवारपूरचा सिमेंट कारखाना १९८३ सालीं सुरू झाला. गडचांदूर परिसरांतही तोच उद्योग आहे. सिमेंटच्या फिरत्या भट्टींत माल सुमारे १४५० अंशांपर्यंत तापतो, आणि तिच्या पोलादी नळकांड्याचें रक्षण आंतील विटांचें कडें करितें. हें कडें एकमेकींना दाबून बसविलेल्या विटांच्या आधारावर उभें असतें. विटा केंसाकेंसानें आंखडल्या, तर कडें सैल होतें, वीट निखळते, बाहेरचा पत्रा लाल होतो, आणि सारी भट्टी थांबवावी लागते. तिच्यापाशीं उभ्या असलेल्या कामगाराचा जीवही त्या विटेवरच अवलंबून असतो. म्हणून आज वीट निवडतांना ती किती अंशांवर वितळते, एवढेंच पाहून चालत नाहीं. भाराखालीं ती किती तास टिकते, तिचे कण केवढे आणि तिच्यांत परकी द्रव्यें किती, हें तपासावें लागतें.

मध्य प्रांतांतील अगरिया लोहकारांवर व्हेरियर एल्विन यांनीं १९४२ सालीं ग्रंथ लिहिला, म्हणून त्या लोकांची कांहीं हकीकत तरी उरली. चांद्याच्या जंगलांतील भट्ट्या विझल्या, तेव्हां मातीची पारख करणाऱ्या बोटांचें ज्ञानही बहुतांशीं त्यांच्याबरोबर गेलें. त्या लोहकारानें दर खेपेस भिंत नव्यानें लिंपली, कारण आगींत कांहींच कायमचें उभें राहत नाहीं, हें तो जाणून होता. शास्त्रानें याहून वेगळें कांहीं सांगितलेलें नाहीं. भिंत कां खचते आणि किती दिवसांत खचेल, एवढें मात्र तें मोजून सांगूं शकतें. त्याच्या नातवंडांपैकीं कोणी कोनसरीच्या किंवा घुग्गुसच्या भट्टीपाशीं आज उभा असेल, तर त्याच्या हातीं हें मोजमापही आलें पाहिजे. आजोबाची पारख आणि प्रयोगशाळेंतील गणित एकाच हातांत आलें, तर लोहारा या नांवाचें सार्थक होईल.