दुष्काळ कुणाच्या मापाने?

पाऊस पडत नाही तेव्हा टंचाई येते. दुष्काळ मात्र सरकार ठरवते. ‘आम्ही बुडालो’ असे गावाने म्हणून भागत नाही. ते बुडणे सरकारी मापात बसावे लागते. हे माप कुणी आणि कुणासाठी तयार केले, हा प्रश्न मी परभणी जिल्ह्यातील वालूरच्या भूमिहीन वस्तीतून विचारतो आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचा दुष्काळ कोणत्या रकान्यात लिहायचा?

इंग्रजांनी या बाबतीत दोन वह्या मागे ठेवल्या. पहिली महसुलाची. तिच्यात आणेवारी असे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. त्यापैकी किती आणे पीक हाती आले ते पाहून शेतसारा तहकूब करायचा की नाही, हे ठरे. म्हणजे आणेवारी जन्माला आली ती सारा भरणाऱ्यासाठी. उपाशी माणसाशी तिचा संबंध नव्हता.

दुसरी वही दुष्काळ संहितेची. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, आणि मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडून तिचा निषेध केला. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर १८८३ साली संहितेचा मसुदा तयार झाला. तिची रीत अशी : पीक बुडाल्याची खबर आली की चाचणी कामे उघडायची, काम कष्टाचे, मजुरी पोटापुरती. तरीही माणसे येतच राहिली, तर दुष्काळ खरा. ही रीत निर्दयच होती. पण खडी फोडायला किती भुकेले येतात हे ती मोजत होती. तिच्या मापात माणूस होता.

मात्र दुष्काळ जाहीर केला की सरकारवर खर्चाची जबाबदारी येते, म्हणून जाहीर न करण्याकडेच सरकारचा कल असतो. १९४३ साली बंगालमध्ये संहिता लागू केलीच नाही. १९४५ च्या चौकशी आयोगाच्या अंदाजाने सुमारे १५ लाख माणसे मेली. त्यांत भूमिहीन शेतमजूर आणि मच्छीमार यांचा भरणा मोठा होता. महाराष्ट्राने तर १९६३ साली कायदा करून ‘दुष्काळ’ हा शब्दच कायद्यांतून वगळला आणि त्याच्या जागी ‘टंचाई’ आणली. नऊच वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यातील कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. शब्द गेला म्हणून भूक गेली नव्हती.

त्याच १९७२ साली आमच्याच जिल्ह्यातील ब्राह्मणगावात पाण्याच्या कारणावरून दोन दलित स्त्रियांना विवस्त्र करून त्यांची विटंबना करण्यात आली. टंचाईच्या यादीत गावाचे नाव येते. पण त्या गावातली विहीर कुणाला बंद आहे, हे ती यादी सांगत नाही. वालूरला जुन्या बारवा आहेत. चक्राकार पायऱ्यांची एक तर लोक दुरून पाहायला येतात. बारव किती खोल, हे सगळे विचारतात. पूर्वी त्या पायऱ्या कुणाला उतरू देत होते, हेही विचारले पाहिजे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. आमच्या नशिबी आली ती महसुलाचीच वही. आणे जाऊन पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत आलेले गाव टंचाईग्रस्त. पीककापणीचे प्रयोग होतात, गावच्या समितीत महसूल व ग्रामपंचायतीचे कर्मचारी, सरपंच आणि शेतकरी बसतात. नजरअंदाज सप्टेंबरात, अंतिम पैसेवारी डिसेंबरात. मजुराचा दुष्काळ मात्र खुरपणी बंद पडते त्या दिवशी सुरू होतो. दिवाळीनंतर आमच्या भागातली कितीतरी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात. अंतिम आकडा लागतो तेव्हा त्यांच्या दारात विचारायला कुणी नसते.

११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळ मान्य करण्यास टाळाटाळ करणाऱ्या राज्यांना फटकारले आणि जुनी नियमपुस्तिका सुधारायला सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये नवी आली. आता पावसाची तूट, पेरणी, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जमिनीतली ओल आणि जलाशयांचा साठा पाहतात. मग निवडक गावांत जाऊन पडताळणी करतात. माप शास्त्रीय झाले, हे मान्य. पण उपग्रहाला शेत दिसते. त्या शेतात बुडालेली मजुरी दिसत नाही. सवलतीही तशाच : शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट. ज्याला शेत नाही, पंप नाही, बँकेचे कर्ज नाही, त्याला उरते मुलांची परीक्षा शुल्कमाफी, टँकरचे पाणी आणि रोजगार हमीचे काम.

शेतकऱ्याला मिळते ते काढून घ्या, असे मी म्हणत नाही. कोरडवाहू शेतकरीही बुडालेलाच असतो. माझे म्हणणे एवढेच की मापात दुसऱ्या वहीतला माणूस परत आणा. कोणत्या महिन्यात किती जणांनी काम मागितले, किती कुटुंबे गाव सोडून गेली, मजुरीचा दर किती पडला, हे पैसेवारीच्या बरोबरीने मोजा. आणि गावच्या समितीत भूमिहीनाला हक्काची जागा द्या. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि १९७९ मध्ये अमलात आला, तेव्हा काम मागणे हा हक्क ठरला. ज्या मागणीला कायद्याने हक्क मानले, तिला दुष्काळाचा पुरावा मानायला हरकत कसली?