वेताळाची विद्या

गोष्ट सांगणारा गोष्टीच्या बाहेर उभा असतो, असा सामान्य समज आहे. परंतु गोष्ट कोठें तोडावी व ऐकणाऱ्यास तिनें कसें बांधावें, हें कर्त्याइतकेंच जाणणारीं पात्रें जुन्या कथावाङ्मयांत भेटतात. अरबी कथांतील शहराजाद पहांटे गोष्ट अर्धी ठेवून एकेक दिवसाचें आयुष्य मिळविते. शुकसप्ततींतील पोपट प्रभावतीस रात्रीमागून रात्र उंबरठ्याच्या आंत ठेवतो. आमच्या मतें या दोघांचाहि गुरु शोभावा असा वेताळ आहे.

काश्मीरच्या सोमदेवानें सुमारें १०७० सालीं राणी सूर्यमतीसाठीं कथासरित्सागर रचिला. त्यांत वेताळाची गांठ पडते ती गोदातीरींच्या प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, त्रिविक्रमसेन राजाशीं. क्षांतिशील नांवाचा भिक्षु राजास रोज एक फळ देई. आंत रत्न असे. त्या भिडेनें राजा मध्यरात्रीं स्मशानांत जाऊन शिंशपेच्या झाडावरील प्रेत खांद्यावर घेतो.

प्रेतांत शिरलेला वेताळ वाटेंत करमणूक म्हणून गोष्टी सांगतो. शहराजाद शेवट राखून ठेवते. वेताळाच्या गोष्टींतील घटना घडून संपलेली असते, राहतो तो फक्त निवाडा. दोन पुरुषांचीं मस्तकें एकमेकांच्या धडांवर बसलीं, तर त्या स्त्रीचा पति कोणता? ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तकाचीं शकलें. बोलला तर प्रेत पुन्हां झाडावर! शापाचें भय सोडून दिलें तरी, न्याय देणें हाच ज्याचा धर्म त्याला तंटा अनिर्णीत टाकून पुढें चालवत नाहीं, हें वेताळ पुरतें ओळखून आहे. राजाच्या सद्गुणालाच त्यानें वेसण घातली आहे.

अखेर बाप मुलीशीं व त्याचा मुलगा तिच्या आईशीं विवाह करतो. त्यांच्या मुलांचें परस्परांशीं नातें काय? येथें राजा खरोखरच निरुत्तर होतो. प्रसन्न झालेला वेताळ भिक्षूचा कट फोडतो: तो साष्टांग नमस्कार घालावयास सांगेल, तेव्हां येत नाहीं म्हणून आधीं त्यालाच घालावयास लाव. ग्रिम बंधूंनीं १८१२ सालीं छापलेल्या कथेंत ग्रेटेलहि चेटकिणीस याच युक्तीनें भट्टींत लोटते. इतका वेळ ज्ञानानें हरणारा राजा एकदां खऱ्या व एकदां बतावणीच्या अज्ञानानें जिंकतो.

भिक्षूचें मस्तक उडविल्यावर राजा वर मागतो, तो या गोष्टी पृथ्वीवर प्रसिद्ध व्हाव्या एवढाच. वेताळ तो देतो. शिवाय, जेथें त्या सांगितल्या जातील तेथें यक्षराक्षसांचें, इतकेंच काय, वेताळांचेंहि कांहीं चालणार नाहीं, असें स्वतःच सांगतो.